मापाचेही माप

आम्ही इतिहासाचे शिक्षक. साक्ष स्वीकारण्यापूर्वी साक्षीदार पारखावा, ही आमची शिस्त. विज्ञानही ती किती काटेकोरपणे पाळते, याचे एक उदाहरण आमच्या विद्यार्थ्यांसाठी येथे मांडतो.

१९८६ साली बिनिग, क्वेट व गर्बर यांनी अणुबल सूक्ष्मदर्शक जगापुढे आणला. हा सूक्ष्मदर्शक स्पर्शाने पाहतो. लवचीक, अतिसूक्ष्म पट्टीच्या टोकाची सुई जिवंत पेशीवर टेकली की पट्टी वाकते आणि तिच्या पाठीवरून परावर्तित होणारा लेसर किरण सरकतो. पट्टीचा ताठपणा गुणिले तिचे वाकणे म्हणजे बल. हा हूकचा नियम.

परंतु ही दोन्ही मापे आधी पारखावी लागतात. प्रथम सुई काचेवर दाबतात. काच दबत नाही. म्हणून किरण किती सरकला म्हणजे पट्टी किती नॅनोमीटर वाकली, हे कळते. मग पट्टी मोकळी सोडतात. भोवतालच्या रेणूंच्या धडकांनी ती अखंड थरथरते. तापमान ठाऊक असते. थरथर जितकी कमी, तितकी पट्टी ताठ. १९९३ साली हटर व बेकहोफर यांनी या थरथरीवरून ताठपणा काढण्याची रीत मांडली.

२००७ साली याच उपकरणाने रुग्णांच्या शरीरातील पसरत्या कर्करोगाच्या पेशी निरोगी पेशींहून ७० टक्क्यांपेक्षा अधिक मऊ असल्याचे दाखविले. अशा वेळी ताठपणाच चुकीचा धरला, तर हजार वेळा मोजूनही तीच चूक हजार वेळा होते आणि रोगी पेशी निरोगी ठरू शकते.

विद्यार्थ्यांनो, दुसऱ्याला मोजण्यापूर्वी आपला मापदंड तपासून घ्यावा.