आधी डिपस्टिक, मग पिकअप!

आमच्या होस्टेलमध्ये रात्री मेस बंद झाली की दोनच विषय चालतात. पहिला, बॅकलॉग कधी सुटणार आणि दुसरा, नोकरी लागल्यावर गाडी कुठली घ्यायची. पहिल्यावर कोणी फार बोलत नाही. दुसऱ्यावर मात्र पहाटेचे तीन वाजतात!

मागच्या दिवाळीआधी हा दुसरा विषय अचानक खरा झाला. माझ्या रूममेटच्या दादाने तीन वर्षं नोकरी करून पैसे साठवले होते. त्याला सेकंडहँड टर्बो पेट्रोल हॅचबॅक हवी होती. आकाराने छोटी, पण दाबली की सुसाट सुटणारी. घरून विरोध होताच. “तुम्ही मेकॅनिकलवाले ना? मग चला बघायला,” असं म्हणून त्याने आम्हा दोघांना रविवारी उचललं. आय. सी. इंजिन लॅबमधले काकाही सोबत आले, हे आमचं नशीब.

एजंटची टेप सुरूच होती. “सिंगल हँड, नॉन-ॲक्सिडेंट, इंजिन एकदम मख्खन!” आम्ही दोघं अलॉय व्हील्सकडे बघत उभे. दादा तर सीटवर बसून मनातल्या मनात ताम्हिणी घाटात पोचलासुद्धा. काकांनी मात्र बॉनेट उघडायला लावलं. डिपस्टिक ओढली, फडक्याने पुसली, परत घातली, परत ओढली. टोक जेमतेम ओलं होतं.

एजंट म्हणाला, “काका, टर्बो गाडी आहे. थोडं ऑइल खातेच.”

काका म्हणाले, “थोडं म्हणजे किती?”

त्याला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही आलं नसतं. हा लेख त्या एका प्रश्नाबद्दल आहे.

ऑइल जातं कुठे?

आपल्याला वाटतं, ऑइल चेंबरमध्ये भरलं की सर्व्हिसिंगला काढेपर्यंत तेवढंच राहतं. तसं नसतं. चालू इंजिन थोडं तरी ऑइल जाळतंच. पिस्टनवर साधारण तीन रिंगा असतात. वरच्या दोन गॅसचं प्रेशर अडवतात. तिसरी ऑइल रिंग. बोअरच्या भिंतीवरचं जादा ऑइल खरवडून ते छिद्रांवाटे चेंबरमध्ये परत पाठवायचं, हे तिचं काम. भिंतीवर जो पातळ थर उरतो त्यातला काही भाग जळतो आणि तो थर हवाच, नाहीतर पिस्टन भिंतीला घासेल.

ऑइल रिंगची छिद्रं कार्बनने बुजली किंवा रिंग खाचेत चिकटून बसली की बिघाड सुरू होतो. दुसरी वाट व्हॉल्व्ह सीलची. रबर कडक झालं की ऑइल व्हॉल्व्हच्या दांडीवरून खाली झिरपतं. तिसरी वाट टर्बोची. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारी त्याची शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावरच तरंगत असते. बेअरिंग झिजलं की ऑइल इनटेकमध्ये किंवा सायलेन्सरकडे जातं. चौथी वाट ब्रीदरची. तिथला व्हॉल्व्ह बिघडला तर चेंबरमधली ऑइलची वाफ थेट इनटेकमध्ये ओढली जाते. आणि बाहेरून गळती असेल तर ती वेगळीच!

छोट्या, गरम डोक्याच्या इंजिनांना हा त्रास जास्त का? कारण त्यांच्याकडून काम जास्त घेतलं जातं. त्याच सीसीमधून दीडपट-दुप्पट ताकद काढायची म्हणजे उष्णता आणि प्रेशर दोन्ही वाढणार. त्यात पेट्रोल वाचावं, घर्षण कमी व्हावं म्हणून रिंगांचा ताण कमी ठेवलेला. डायरेक्ट इंजेक्शन असेल तर पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जातच नाही. त्यामुळे व्हॉल्व्ह धुतला जात नाही आणि ब्रीदरमधून आलेल्या ऑइलचा कार्बन त्यावर साचत जातो.

अजून एक गंमत आहे, अर्थात मालकाच्या जिवाशी खेळणारी. कमी आरपीएमला, मोठ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की टर्बो भरपूर हवा कोंबतो. अशा वेळी रिंगेजवळचा ऑइल-पेट्रोलचा एखादा थेंब स्पार्क पडायच्या आधीच पेटू शकतो. त्याचा दणका पिस्टनला बसतो आणि कधी रिंगांमधला भागच तुटतो. मग ऑइल आणखी जातं. म्हणूनच २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस आणि २०२० मध्ये एपीआय एसपी ही ऑइलची मानकं आली, त्यात या प्रकाराविरुद्ध खास चाचणी आहे. ऑइल आणताना डब्यावर हे वाचा. “कुठलंही चालतं” म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

आता आकडे

बऱ्याच टर्बो गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की १००० किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत ऑइल लागू शकतं. वाचताना काही वाटत नाही. पण हिशेब करून बघा. सर्व्हिसिंग १५,००० किलोमीटरला असेल तर मध्ये साडेसात लिटर ऑइल गेलं. आणि चेंबरमध्ये मावतं किती? छोट्या इंजिनात चारेक लिटर! डिपस्टिकच्या मॅक्स आणि मिन या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचा फरक असतो. तो २००० किलोमीटरमध्ये संपला. पुण्याहून नागपूरला दोनदा जाऊन आलात तर तेवढं अंतर सहज पार होतं.

म्हणजे कागदावर “नॉर्मल” असलेली गाडीसुद्धा, मालकाने बॉनेट न उघडल्यास, पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत टिकणार नाही. “लाल दिवा लागेल की!” असं कोणी म्हणेल. लाल दिवा प्रेशरचा असतो, लेव्हलचा नाही. तो पेटतो तेव्हा बेअरिंगला ऑइल मिळेनासं झालेलं असतं. घाटात तर आणखी वाईट. लेव्हल कमी असताना वळणावर ऑइल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो, आणि पहिला फटका टर्बोला.

एका बक्षीसपात्र इंजिनाची गोष्ट

युरोपात हा प्रश्न गाजला तो फोक्सवॅगनच्या १.४ लिटर ‘ट्विनचार्जर’मुळे. २००५ मध्ये गोल्फ जीटीत हे इंजिन आलं. खाली बेल्टवर चालणारा सुपरचार्जर, वर टर्बो. २००९ साली त्याला ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा किताब मिळाला. पुढे पोलो जीटीआय, स्कोडा फाबिया आरएस आणि सिआट इबिझा कुप्रा या छोट्या गाड्यांत १३९० सीसीमधून १८० अश्वशक्ती काढली गेली. म्हणजे लिटरला जवळजवळ १३०! आणि मग तक्रारी आल्या. सीएव्हीई कोडची इंजिनं ऑइल पितात, काहींचे पिस्टन गेले. नंतर सुधारित इंजिन आलं, त्याचा कोड सीटीएचई. बाहेरून गाडी तीच, बॅजही तोच. म्हणून तिकडे जुनी गाडी घेणारा जाणकार रंगाआधी इंजिनचा कोड विचारतो.

आपल्याकडे यातून काय घ्यायचं? ‘टीएसआय’ ऐकलं की पळायचं, असं अजिबात नाही. २०१३ मध्ये आलेल्या, चाकणच्या पोलो जीटी टीएसआयमध्ये हे इंजिनच नव्हतं. तिथे ११९७ सीसीचं, नुसत्या टर्बोचं, १०५ अश्वशक्तीचं इंजिन होतं. २०१५ ची रांजणगावची अबार्थ पुंटो तर १४५ अश्वशक्तीची, पण तिचं पेट्रोल इनटेक पोर्टमध्ये पडतं. तीन गाड्या, तीन वेगळे स्वभाव. तेव्हा कंपनीच्या नावावर भांडू नका, नेमकं इंजिन कुठलं ते बघा.

गाडी बघायला जाल तेव्हा

१) इंजिन थंड हवं. बॉनेटला हात लावून बघा. गरम असेल तर विचारा, आधीच का चालू केली? रात्रभर उभ्या गाडीने चालू होताच निळा धूर सोडला तर संशय व्हॉल्व्ह सीलवर.

२) उतारावर गिअरमध्येच पाय काढून गाडी सोडा आणि मग ॲक्सिलरेटर द्या. निळा भपका आला तर बहुधा सील किंवा गाइड. सतत दाबल्यावर निळा धूर येत राहिला तर रिंगा किंवा टर्बो. थंडीतली पांढरी वाफ थोड्या वेळात गेली तर चिंता नको. पण धूर नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. थोडं ऑइल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्येच जळून जातं.

३) “कॉम्प्रेशन चांगलं आहे” यावर भुलू नका. कॉम्प्रेशन वरच्या दोन रिंगा सांभाळतात, ऑइल अडवते तिसरी! स्पार्क प्लग काढून ओले आहेत का बघा. जमलं तर लीक-डाउन टेस्ट करा आणि प्लगच्या भोकातून कॅमेरा घाला.

४) ऑइल नवंकोरं आणि नेहमीपेक्षा जाड वाटलं तर सावध व्हा. धूर लपवायची ती जुनी युक्ती आहे.

५) सर्व्हिसिंगची बिलं बघा. ऑइलचा ग्रेड, तारखा, मधले टॉपअप. आणि मालकाला तोच प्रश्न विचारा. थोडं म्हणजे किती?

त्या रविवारी काकांनी प्लग काढायला लावले. दोन नंबरचा प्लग ऑइलने ओला निघाला. “हाफ इंजिनचं काम आहे बाळा, आज नाही तर उद्या,” एवढंच ते म्हणाले. दादाचा चेहरा बघवत नव्हता. टोल नाक्यापर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

दोन महिन्यांनी त्याने दुसरी घेतली. तशीच छोटी, तशीच टर्बो. आणि ऐका, तीही ऑइल खाते! पण आधीच्या मालकाने डॅशबोर्डच्या खणात एक वही ठेवली होती. दर हजार किलोमीटरला लेव्हल, तारीख, किती टाकलं ते सगळं लिहिलेलं. तीन वर्षांत आकडा शंभर-सव्वाशे मिलीच्या पुढे गेला नव्हता. काकांनी वही चाळली आणि म्हणाले, “घे.”

आता ती वही दादा लिहितो. सपाट जागा, गाडी बंद करून पाच मिनिटं, मग डिपस्टिक. तर मित्रांनो, ऑइल खाणाऱ्या गाडीला घाबरू नका. किती खाते हे ज्याला ठाऊक नाही, त्या मालकाच्या गाडीला मात्र जरूर घाबरा!