चढणीच्या माशांची वाट



मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, ओढ्याला लाल पाणी आलं, की मासे प्रवाहाच्या उलट वर चढायला लागतात. कोकणात त्यांना वलगणीचे मासे म्हणतात, कुठे नुसतं चढणीचे. बांधावरून उड्या मारत ते वर जातात, कारण त्यांना अंडी घालायची असतात. आज आपण परदेशातल्या अशाच एका चढणीच्या माशाबद्दल बोलणार आहोत. त्याचं नाव सालमन. बाजारात रावसाला कुणी कुणी ‘इंडियन सालमन’ म्हणतात, पण रावस वेगळा आणि हा सालमन वेगळा.

सालमन जन्मतो थंड, गोड्या पाण्याच्या नदीत. पिल्लं जरा मोठी झाली की समुद्रात जातात. तिथे वाढतात आणि बाळंतपणाला लेक माहेरी यावी तशी अंडी घालायला आपल्या जन्माच्या नदीत परततात. पाण्याच्या वासावरून त्यांना वाट ओळखता येते. मादी शेपटीने खडीत खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून खडे सारून झाकते. खड्यांच्या फटीतून स्वच्छ पाणी वाहत राहिलं तरच अंडी जगतात. गाळ बसला की ती गुदमरतात.

मग या माहेरच्या वाटेवरच भिंत उभी राहिली तर?

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एल्व्हा नावाची सुमारे ७२ किलोमीटर लांबीची नदी आहे. तिच्या काठी क्लालम हे आदिवासी लोक पिढ्यानपिढ्या राहतात. सालमन हेच त्यांचं अन्न आणि त्यावरच त्यांचे सणसोहळे. १९१३ मध्ये समुद्रापासून अवघ्या ८ किलोमीटरवर विजेसाठी धरण बांधून झालं. १९२७ मध्ये त्याच्या वर ६४ मीटर उंचीचं दुसरं धरण झालं. माशांना चढून जाण्यासाठी पायऱ्या ठेवायच्या असा कायदा होता, पण त्या ठेवल्याच नाहीत. वरची नदी आणि तिचे ओढे धरून ११० किलोमीटरहून जास्त वाट बंद झाली.

दुसरं नुकसान लवकर लक्षात आलं नाही. डोंगरातून येणारी वाळू आणि खडी धरणांमागे अडकली. खालच्या पात्रात मोठे धोंडे तेवढे उरले. म्हणजे जी थोडी नदी माशांना मोकळी होती, तिथेही अंडी घालायला जागा राहिली नाही.

क्लालम लोकांनी ही धरणं काढावीत म्हणून अनेक वर्षं पाठपुरावा केला. १९९२ मध्ये नदी पूर्ववत करण्याचा कायदा झाला. प्रत्यक्ष काम सुरू व्हायला २०११ उजाडलं. मधल्या काळात आधी शेजारच्या शहरासाठी पाणी शुद्ध करण्याची व्यवस्था उभारली, कारण धरण फुटलं की सगळा गाळ खाली येणार होता. मग भिंती एकदम न पाडता टप्प्याटप्प्याने उतरवल्या. २०१४ मध्ये काम संपलं.

पण मैत्रिणींनो, भिंत काढली म्हणजे नदी सुधारली असं होत नाही. रिकाम्या झालेल्या तलावांच्या जागी उघडा गाळ होता. तिथे त्याच भागातल्या झाडांचं बी पेरलं, रोपं लावली. खालच्या पात्रात क्लालम लोकांनी मोठमोठे ओंडके रचून बसवले. ओंडक्यांच्या आडोशाला खोल डोह होतात, खडी साठते आणि पिल्लांना लपायला जागा मिळते. काठावरच्या झाडांच्या सावलीत पाणी थंड राहतं.

सगळ्यात अवघड काम होतं थांबण्याचं. मासे धरण्याचा हक्क क्लालम लोकांना तहाने मिळालेला आहे. तरीही २०११ पासून त्यांनी एल्व्हातली मासेमारी बंद ठेवली. बारा वर्षांनी, २०२३ मध्ये, कोहो जातीच्या सालमनची थोडी मासेमारी पुन्हा सुरू झाली, तीही घरी खाण्यापुरती आणि विधींपुरती. सालमनच्या सगळ्या जाती अजून सारख्या वाढलेल्या नाहीत. पण मासे जुन्या धरणांच्या जागा ओलांडून वर जाऊ लागले आहेत आणि नदीच्या मुखाशी वाळूचा किनाराही पुन्हा तयार झाला आहे.

आपल्याकडे धरणाच्या पाण्यावर शेती आणि गावं उभी आहेत. तेव्हा आम्ही धरणं पाडा म्हणत नाही. पण आपल्या ओढ्याचं काय, हे आपल्या हातात आहे. पहिल्या पावसात गाभोळीने भरलेली मादी पकडली, तर एका जेवणाबरोबर हजारो पिल्लंही जातात. मच्छरदाणीच्या जाळीत बारीक पिल्लूसुद्धा सुटत नाही. ब्लीचिंग पावडर टाकली तर डोहातलं सगळंच मरतं. काठची करंज, उंबर तोडली की सावली जाते आणि वाळू उपसली की अंड्यांची जागा जाते.

येत्या बैठकीत गटातल्या आजींना विचारा, त्यांच्या लहानपणी ओढ्यात कोणते मासे चढत होते आणि कुठपर्यंत. ती नावं वहीत लिहून ठेवा. मग यंदा चढणीचे पहिले काही दिवस तरी जाळं लावायचं नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवता येईल का, ते बघा. एका घराने थांबून उपयोग नाही. सगळा गाव थांबला तरच मासा वर पोचतो.