भाताच्या तुसापासून सिमेंट

कोकणातल्या एखाद्या आजीला विचारा, "पूर्वी रांगोळी कशाची करत?" ती सांगेल, "भाताच्या तुसाची." भात भरडल्यावर उरलेले तूस जाळायचे, पांढरी राख चाळून घ्यायची, की झाली रांगोळी! हीच राख सिमेंटमध्ये घालून पक्की भिंत बांधता येते असे कुणी सांगितले, तर तुमचा विश्वास बसेल? पण ते खरे आहे.

तुसात असते तरी काय?

भाताचे रोप मुळांवाटे पाणी शोषते. त्या पाण्यात थोडी सिलिका विरघळलेली असते. सिलिका म्हणजे वाळूतला आणि काचेतला मुख्य पदार्थ. पाणी पानांतून उडून जाते, सिलिका मागे राहते व तुसात भरपूर साठते. म्हणून तर तूस हाताला खरखरीत लागते आणि लवकर कुजत नाही.

१०० किलो भात भरडले की सुमारे २० किलो तूस निघते. ते जाळले की सुमारे ४ किलो राख उरते. नीट जळालेल्या राखेत ९० टक्क्यांच्या आसपास सिलिकाच असते. गोंदिया-भंडाऱ्याकडे भातगिरण्या पुष्कळ. तिथे किती राख होत असेल, कल्पना करा!

सिमेंटचे दुखणे

सिमेंट करताना चुनखडी आणि माती सुमारे १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली, की ५६ किलो चुना मिळतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टीतल्या कोळशाचा धूर वेगळाच. माणसाच्या उद्योगांतून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटमुळे जातो. पृथ्वी तापवणारा तो हाच वायू. म्हणून सिमेंट जितके कमी लागेल तितके बरे.

राख मदतीला कशी येते?

सिमेंटमध्ये पाणी घातले की दोन पदार्थ तयार होतात. एक, वाळू-खडी घट्ट धरून ठेवणारा चिकट पदार्थ. दुसरा, विरलेला चुना. हा चुना बळकटीला फारसा उपयोगी पडत नाही. पण राखेतली सिलिका त्याच्याशी संयोग पावते आणि तोच चिकट पदार्थ आणखी तयार होतो! इटलीतल्या पोझ्झुओली गावाजवळची ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून रोमन लोक बांधकाम करीत, त्यामागेही हेच रसायन होते.

मेख आचेची

मग कुठलीही राख चालेल का? नाही. आच ७०० अंशांच्या आत राहिली, तर सिलिकेचे अणू मधल्या सुट्टीतल्या मुलांसारखे अस्ताव्यस्त राहतात. चुन्याला ते सहज सापडतात. आच फार वाढली, की ते प्रार्थनेच्या रांगेसारखे शिस्तीत उभे राहतात. त्यांचे स्फटिक बनतात आणि चुन्याला ते दाद देत नाहीत. गंमत अशी, की दोन्ही राखा पांढऱ्या दिसू शकतात. रांगोळीला पांढरा रंग पुरे, सिमेंटला नाही! खरा फरक क्ष-किरणांनी कळतो.

आच सांभाळून केलेली राख सिमेंटला उपयोगी पडते, हे अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पी. के. मेहता यांनी १९७०च्या दशकात दाखवले. पुढे कानपूरच्या आय.आय.टी.त पी. सी. कपूर यांनी तारेच्या जाळीची टोपली आणि हवेसाठी नळ्या अशी साधी भट्टी केली. मोठ्या कारखान्याशिवायही चांगली राख मिळावी, हा त्यामागचा विचार.

अर्थात, राख म्हणजे जादू नव्हे. साधारणपणे १०० किलो सिमेंटपैकी १० ते २० किलोंच्या जागीच ती वापरतात. ती बारीक दळावी लागते. तिचे कण सच्छिद्र असल्याने पाणीही जास्त लागते. तरीही दहा पोत्यांमागे एक पोते वाचले, तर तेवढी चुनखडी डोंगरात राहील आणि तेवढा धूर हवेत जाणार नाही.

आता भातगिरणीपाशी राखेचा ढीग दिसला, तर नुसते पुढे जाऊ नका. स्वतःला विचारा, ही राख किती आचेवर झाली असेल?