टेल लाइट घरी बदलताय? आधी गाडीच्या मागे जाऊन उभे राहा

आजचा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा: "दादा, टेल लाइट घरच्या घरी एलईडी करता येतात का?" येतात. पण आधी माझी फजिती ऐका.

बाबांची जुनी हॅचबॅक माझ्याकडे आली, तेव्हा मी टेल लाइटवर काळी स्मोक फिल्म चिकटवली आणि आत पांढरे एलईडी बल्ब टाकले. पार्किंगमध्ये गाडी एकदम भारी दिसायची. मग एका रात्री खंबाटकी घाटात मी ब्रेक मारला आणि मागचा टेम्पो बंपरला टेकता टेकता थांबला. ड्रायव्हर बाजूला येऊन म्हणाला, "भावा, तू ब्रेक मारलास हे कळलंच नाही!"

चुकलं काय? बऱ्याच जुन्या गाड्यांत मागचा एकच बल्ब दोन कामं करतो. आत दोन फिलामेंट असतात: टेल लाइटचं ५ वॅटचं, ब्रेकचं २१ वॅटचं. मागच्याला ब्रेक कळतो तो या फरकावरून. बऱ्याच स्वस्त एलईडीत हा फरकच नीट दिसत नाही. त्यात पांढऱ्या एलईडीच्या उजेडात लाल रंग कमी, आणि लाल काच बाकीचे रंग अडवते. म्हणून लाल काचेमागे लाल एलईडीच घ्या. स्मोक फिल्म तर नकोच.

एलईडी मुळात वाईट नाही. साधा बल्ब पूर्ण उजळायला साधारण ०.२ सेकंद घेतो, एलईडी लगेच पेटतो. ताशी ८० किलोमीटरच्या स्पीडला तेवढ्यात मागची गाडी जवळजवळ साडेचार मीटर पुढे येते. हा फायदा खरा आहे.

इंडिकेटरही बदलले तर ते भराभर टकटकतील. एलईडी करंट कमी खातो, म्हणून फ्लॅशरला वाटतं बल्ब उडाला. उपाय म्हणून लोक रेझिस्टर लावतात. तो चांगलाच तापतो, प्लॅस्टिकला किंवा वायरला चिकटवू नका. एलईडीला चालणारा फ्लॅशर मिळत असेल तर तोच बरा.

आणि कायदा? २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीत परवानगी नसलेला बदल केला, तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो, कैदेचीही तरतूद आहे.

शेवटची टेस्ट फुकट आहे. एकदा भर दुपारी, एकदा रात्री गाडीमागे तीस पावलं जा. मित्राला टेल लाइट चालू ठेवून ब्रेक दाबायला सांगा. फरक पटकन कळला नाही, तर जुने बल्ब परत लावा. मी तेच केलं.

टेल लाइट आपल्याला गाडी चालवताना दिसतच नाही हो. ती मागच्यासाठी असते. भेटू पुढच्या भागात!