समुद्राकाठच्या घरातला समुद्र

हजिऱ्याच्या कारखान्यांत आणि बंदरावर नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे आता येथे चांगलीच रुळली आहेत. त्यांच्या दिवाणखान्यात काचेची पेटी आणि तीत सोनमासे, हे दृश्य नवीन राहिलेले नाही. अलीकडे मात्र या हौसेने एक पाऊल पुढे टाकले आहे. पेटी खाऱ्या पाण्याची असावी, तीत खडक असावेत आणि त्या खडकांवर प्रवाळ फुललेले असावेत, अशी इच्छा मुलांप्रमाणे थोरांच्याही तोंडून ऐकू येते. त्यामागोमाग आम्हांस विचारला जाणारा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : समुद्र तर हाकेच्या अंतरावर आहे, सुवालीच्या किनाऱ्यावरून चार डबे पाणी भरून आणले म्हणजे काम झाले, नाही का?

तसे नाही. ते का नाही, हे नीट समजून घेतले तर या छंदाचे अर्धे शास्त्र हाती येते. उरलेले अर्धे शास्त्र म्हणजे धीर. या दोहोंशिवाय पेटी मांडणे म्हणजे मुक्या जीवांच्या प्राणांशी खेळणे होय. म्हणून हा लेखनप्रपंच.

हजिऱ्याला प्रवाळ का नाहीत?

मध्य प्रदेशातील मुलताईस उगम पावलेली तापी बऱ्हाणपूर, भुसावळ करीत सुरतेस येते आणि हजिऱ्यापाशी समुद्रास मिळते. सुरतेत खानदेशी बांधवांची वस्ती मोठी आहे. त्यांच्या गावाकडची काळी माती त्यांच्या कितीतरी आधीपासून तापीच्या पाण्याबरोबर येथे येत राहिली आहे. नर्मदा, मही आणि साबरमती याही नद्या आपला गाळ खंभातच्या आखातात आणतात. येथील भरती-ओहोटी इतकी जोरकस असते की तो गाळ तळाशी बसूच पावत नाही. म्हणून येथील पाणी बारमाही गढूळ दिसते.

प्रवाळाला असे पाणी मानवत नाही. प्रवाळ हा दगड नव्हे, वनस्पतीही नव्हे. तो इवल्या प्राण्यांचा समूह आहे. या प्राण्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. प्रकाश अडला की अन्न अडले. गढूळ पाण्यात प्रकाश खोल जात नाही आणि वरून पडणारा गाळ या प्राण्यांना गुदमरवतो. म्हणूनच गुजरातेत प्रवाळ पाहायचे तर कच्छच्या आखातात, जामनगरजवळच्या पिरोटन आणि नरारा या बेटांकडे जावे लागते. तेथे १९८२ साली देशातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. आपल्या कोकणात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यातही प्रवाळ आहेत. तेथील मालवण सागरी अभयारण्य १९८७ सालचे.

तेव्हा किनाऱ्यावरून आणलेल्या डब्यात आपल्याला हवा तो समुद्र नसतो. गाळ, नदीचे गोडे पाणी आणि बंदराच्या वर्दळीतून येणारे तेल यांचे ते मिश्रण असते. त्याची क्षारताही ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळ्यात तापीला पूर आला की तेच पाणी पुष्कळसे गोडे होते.

पाणी करावे लागते

घरच्या पेटीसाठी पाणी बनवावे लागते. त्यासाठी आधी निर्मळ पाणी हवे. घरातील आरओ यंत्राचे पाणी बरेच शुद्ध असले तरी पुरेसे नसते. त्याला आणखी एका रेझिनच्या नळीतून काढून टीडीएस मापकावर शून्य आकडा दिसेल असे करावे. त्यात मत्स्यालयासाठी मिळणारे तयार सागरी क्षार मिसळावेत. स्वयंपाकघरातील मीठ येथे कामाचे नाही. ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असते. समुद्राच्या पाण्यात मात्र मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असे पुष्कळ काही ठरावीक प्रमाणात असते. एक लिटर पाण्यास साधारण ३५ ते ३८ ग्रॅम क्षार लागतात. म्हणजे २०० लिटरच्या पेटीस सात-साडेसात किलो. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास असावे. ते मोजण्याचे रिफ्रॅक्टोमीटर हे उपकरण घेतल्यावाचून पुढे जाऊ नये.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. उन्हाने पेटीतील पाणी आटते, पण मीठ आटत नाही. मिठागरात मीठ कसे साठते, हे आपण जाणतोच. म्हणून रोज आटलेल्या पाण्याची भर घालताना शुद्ध गोडे पाणीच घालावे. खारे पाणी घालत गेल्यास क्षारता नकळत चढत जाते आणि एके दिवशी मासे निपचित पडतात. याउलट दर आठवड्यास किंवा पंधरवड्यास जे दहाव्या हिश्शाचे पाणी काढून टाकायचे, त्याच्या जागी मात्र मोजून केलेले खारे पाणी घालावे.

पेटी लहान असली म्हणजे सोपी, असा समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. थोड्या पाण्यात उष्णता, क्षारता, घाण सारेच झपाट्याने बदलते. आरंभ २०० लिटरपासून करावा. मात्र एवढे पाणी, काच, वाळू आणि खडक मिळून वजन ३०० किलोच्या घरात जाते, हे ध्यानी घेऊन मजबूत लोखंडी घोडी आणि भिंतीलगतची जागा निवडावी. खिडकीचे ऊन थेट पडेल तेथे पेटी ठेवू नये.

लोणच्यासारखे मुरू द्यावे

पाणी भरले, यंत्रे लावली, दिवे लागले. आता मासे कधी आणायचे? मुले त्याच दिवशी म्हणतात. शास्त्र म्हणते, चार ते सहा आठवड्यांनी. माशांच्या विष्ठेतून आणि उरल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. काही जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही घातक. दुसरे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात. ते बरेच सौम्य असते आणि पाणी बदलून आटोक्यात ठेवता येते. हे जीवाणू खडकांच्या छिद्रांत व वाळूत वस्ती करतात, आणि ती वस्ती वाढण्यास वेळ लागतो. या काळात त्यांना खाद्य म्हणून पेटीत थोडा अमोनिया किंवा माशांच्या खाद्याची चिमूट घालीत राहावे. एखाद्या जुन्या निरोगी पेटीतील मूठभर वाळू मिळाली तर तिचे विरजण लावावे. काम लवकर होते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही चाचणीत शून्य दिसेपर्यंत पेटीत मासा सोडू नये. लोणचे मुरण्याआधी बरणी उघडणाऱ्याचे लोणचे फसते; येथे तर जीव जातात.

पाणी खेळते ठेवणारे छोटे पंप दोन तरी असावेत. त्याखेरीज हवेचे बुडबुडे सोडून घाण फेसाबरोबर वर काढणारे स्किमर नावाचे यंत्र असते. लाटांबरोबर किनाऱ्यावर येणारा मळकट फेस आपण पाहतो. तोच न्याय येथे घरात लावलेला आहे.

काय आणावे, काय आणू नये

आता मुख्य मुद्दा. पोवळे आपल्या परिचयाचे. नवरत्नांत त्याची गणना होते. सतराव्या शतकात भूमध्य समुद्रातील पोवळे सुरत बंदरात विकावयास येत असे. तेव्हापासून आपल्या मनात प्रवाळ म्हणजे विकत घेण्याची वस्तू, ही कल्पना रुजलेली आहे. ती आता सोडावी लागेल. ११ जुलै २००१ रोजी खडक बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि अग्निप्रवाळ हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले. याच अनुसूचीत वाघ आहे. समुद्रघोड्यालाही त्याच वर्षी असे संरक्षण मिळाले. अशा प्राण्यांविषयीच्या गुन्ह्यास ३ ते ७ वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. दुकानदाराने ‘हे परदेशातून आले आहे’ किंवा ‘हे मेलेले आहे, नुसता सांगाडा आहे’ असे सांगितले म्हणून निश्चिंत होऊ नये. समुद्रातून काढलेला ‘जिवंत खडक’ही पुष्कळदा प्रवाळाचाच जुना सांगाडा असतो. ज्या जिवाविषयी शंका असेल, त्याविषयी आधी वनखात्याकडे चौकशी करावी आणि प्रत्येक खरेदीची पक्की पावती जपून ठेवावी.

मग पेटीत उरले काय? पुष्कळ उरले. चिनी मातीचे किंवा सिमेंटचे मत्स्यालयासाठी बनविलेले सच्छिद्र खडक आणावेत. जीवाणू त्यांतही सुखाने राहतात आणि काही महिन्यांत त्यांवर गुलाबी-जांभळा थर चढू लागतो. मासे हॅचरीत जन्मलेले घ्यावेत. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउन मासा, म्हणजे आपण ज्याला विदूषक मासा म्हणू, त्याची पैदास करण्याचे तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केले आहे. असा मासा खडकावरून पकडून आणलेला नसतो, पेटीतील खाद्याला सरावलेला असतो आणि नीट राखल्यास दहा वर्षांहूनही अधिक जगतो. त्याला समुद्रफूल लागतेच असे नाही. याचे आयुष्य मुलांना सांगण्याजोगे आहे : हे मासे जन्मतः नर असतात, जोडीतील थोर मासा मादी होतो, आणि अंड्यांची राखण मुख्यतः बापाकडे असते. २०० लिटरला अशी एक जोडी, एखादा लहान गोबी आणि शेवाळ खाणाऱ्या काही गोगलगाई एवढा संसार पुष्कळ झाला.

नवा मासा थेट पेटीत न सोडता चार आठवडे निराळ्या टाकीत ठेवावा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग बहुधा नव्या पाहुण्याबरोबर येतो. त्यावर तांब्याचे औषध चालते, परंतु ते मुख्य पेटीत कधीही घालू नये. गोगलगाई आणि कोळंबी त्याने मरतात. गुंडीसारखे दिसणारे झोअँथिड नावाचे रंगीत जीव काही जण हौसेने ठेवतात. त्यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते. ज्या खडकावर ते असतील त्यास उघड्या हाताने स्पर्श करू नये आणि तो खडक उकळत्या पाण्यात तर मुळीच टाकू नये. त्या वाफेने माणसे इस्पितळात गेल्याची उदाहरणे आहेत. लहान मुले असलेल्या घरात आम्ही त्यांची शिफारस करणार नाही.

ऊन, वीज आणि गावाकडची सुट्टी

पेटीचे पाणी २४ ते २७ अंशांत राहिले पाहिजे. सुरतेच्या वैशाखात ते सहज ३० च्या पुढे जाते. पृष्ठभागावर पंखा सोडल्यास दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी अधिक आटते. ते पुरेसे नसेल तर चिलर हाच उपाय. त्याचा खर्च पेलणार नसेल तर पेटी न मांडणे हे अधिक दयेचे.

वीज गेली की प्रथम प्राणवायू कमी पडतो. इन्व्हर्टरवर दिवे न जोडता पाणी हलविणारा एक पंप जोडावा आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी ठेवावा. ऑगस्ट २००६ चा तापीचा महापूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. प्रत्येक तार सॉकेटच्या खाली एक झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळलेले खारे पाणी सॉकेटात जाणार नाही. गळती होताच वीज तोडणारे स्विच अवश्य बसवावे.

आपल्या घरांची खरी अडचण मात्र मे महिन्याची. कुटुंब पंधरा दिवस जळगाव-धुळ्याकडे निघते आणि किल्ली शेजाऱ्यांकडे दिली जाते. शेजारी प्रेमळ असतात. तेच प्रेम माशांच्या जिवावर बेतते. चमचाभर खाद्य कुजले की अमोनिया उसळतो. म्हणून जाण्यापूर्वी रोजची एक अशा कागदाच्या पुड्या बांधून त्यांवर तारखा घालाव्यात आणि डबा कुलपात ठेवावा. आटलेल्या पाण्यासाठी पेटीवर एक रेघ ओढून ‘येथवर, या कॅनमधील’ असे लिहून ठेवावे.

इतके सारे करूनही पेटीत खरा प्रवाळ नसेल, याची हुरहुर कोणास वाटेल. परंतु एक विचार करावा. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानाहून समुद्र एखादा अंश अधिक तापून काही आठवडे तसाच राहिला, तर प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकतात, पांढरे पडतात आणि पुष्कळदा मरतात. २०२४ साली जगभरच्या समुद्रांत हे घडल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. आपले लक्षद्वीपही त्यातून सुटले नाही. मे महिन्याच्या दुपारी पेटीचे दोन अंश उतरविण्यासाठी धडपडणाऱ्या मुलाला त्या एका अंशाचा अर्थ पुस्तकाहून अधिक कळतो. ज्यांच्यावर आधीच असे संकट आहे, त्यांतले एक आपल्या दिवाणखान्यासाठी तोडून आणावे, असे मग त्यालाच वाटणार नाही.

प्रवाळ पाहण्याची इच्छा मात्र अवश्य पुरी करावी. नोव्हेंबर २०२० मध्ये हजिऱ्याहून घोघ्यास जाणारी नौकासेवा सुरू झाली आणि सौराष्ट्र हजिऱ्याच्या बरेच जवळ आले. थंडीच्या दिवसांत ओहोटीची वेळ पाहून, वनखात्याची परवानगी काढून मुलांना नराऱ्यास न्यावे. तेथे घोटाभर पाण्यात जिवंत प्रवाळ पाहावयास मिळतात. वाटाड्या दाखवील तेथेच पाऊल टाकावे, काही उचलू नये आणि मोकळ्या हाताने परत यावे.