डोंगर तोच, गोष्ट नवी

२२ जानेवारी २०२३. फ्लोरिडातल्या ‘मॅजिक किंग्डम’ या डिस्नेच्या थीम पार्कमध्ये ‘स्प्लॅश माउंटन’ या राइडचा तो शेवटचा दिवस होता. हिवाळा असूनही माणसं भिजायला तासन् तास रांगेत उभी राहिली. त्यानंतर ‘ईबे’वर बरण्यांत आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलेलं पाणी विक्रीला आलं. विकणाऱ्यांचा दावा होता, की ते त्या राइडचंच पाणी आहे. दीड वर्षानं, २८ जून २०२४ रोजी त्याच डोंगरात, त्याच पाण्यावर नवी राइड सुरू झाली. तिचं नाव ‘टियानाज बायू ॲडव्हेंचर’. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये ती त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला आली. एखादी राइड बंद झाली म्हणून मोठी माणसं रडतात आणि नवी आली म्हणून दुसरी माणसं रडतात, हे दृश्य थीम पार्कच्या जगाशी फारसा संबंध नसलेल्यांना अतिरेकी वाटेल. पण या एका डोंगराच्या पोटात अमेरिकेच्या इतिहासातलं बरंच काही दडलेलं आहे, आणि त्यातला एक धागा थेट आपल्या जातककथांपर्यंत येतो.

आधी जुनी राइड समजून घ्यायला हवी. ओंडक्याच्या आकाराच्या होडीत बसायचं. संथ पाण्यातून, गाणाऱ्या यांत्रिक प्राण्यांच्या मधून होडी पुढे सरकत राहते, मग वर चढते आणि सुमारे पन्नास फुटांवरून धाडकन खाली कोसळते. कल्पना डिस्नेचे राइड-रचनाकार टोनी बॅक्स्टर यांची, १९८३ मधली. त्याच सुमारास डिस्नेलँडमधल्या ‘अमेरिका सिंग्ज’ या खेळाला प्रेक्षक मिळेनासे झाले होते. त्यातले यांत्रिक प्राणी उचलून या राइडमध्ये बसवले गेले. तेव्हाचे डिस्नेचे प्रमुख मायकेल आयस्नर यांनी कंपनीच्याच ‘स्प्लॅश’ या चित्रपटावरून राइडचं नाव सुचवलं. १७ जुलै १९८९ रोजी डिस्नेलँडमध्ये ती सुरू झाली, आणि १९९२ मध्ये टोकियो आणि फ्लोरिडातही तिचे दरवाजे उघडले.

वादाचं मूळ मात्र राइडची गोष्ट जिथून घेतली, त्या १९४६ सालच्या ‘साँग ऑफ द साउथ’ या चित्रपटात आहे. जॉर्जियातला मळा, गोऱ्यांचं घर आणि अंकल रेमस नावाचा म्हातारा कृष्णवर्णीय. तो मालकिणीच्या नातवाला हसतमुखानं ससा, कोल्हा आणि अस्वलाच्या गोष्टी सांगतो. मळ्यावरचं सगळं जगणं गोडगोजिरं. गुलामगिरीच्या जखमांवर अशी साखर पेरल्याबद्दल कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेनं तेव्हाच निषेध नोंदवला होता. रेमसची भूमिका करणारे जेम्स बास्केट अटलांटातल्या पहिल्या खेळाला गेले नाहीत. त्या शहरात वर्णभेद इतका कडक होता, की चित्रपटाच्या नायकालाच गोऱ्यांबरोबर सन्मानानं वावरता आलं नसतं. १९४८ मध्ये त्यांना मानद ऑस्कर मिळालं आणि त्याच वर्षी ते वारले. चित्रपट अमेरिकेत १९८६ मध्ये शेवटचा पडद्यावर आला. घरी पाहण्यासाठीची त्याची कॅसेट किंवा डीव्हीडी डिस्नेनं तिथे कधीच काढली नाही.

म्हणूनच राइडवर जीव टाकणाऱ्या बहुतेकांनी हा चित्रपट पाहिलेलाच नव्हता. त्यांच्यासाठी स्प्लॅश माउंटन म्हणजे आईबाबांबरोबरची सुट्टी, भिजलेले बूट आणि कोसळताना काढलेला फोटो. राइड बनवणाऱ्यांनीही रेमसला बाहेरच ठेवलं होतं. डांबराच्या पुतळ्याचा प्रसंगही त्यांनी बदलला आणि सशाला मधाच्या पोळ्यात अडकवलं.

हा डांबराचा पुतळा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. कोल्हा डांबराची बाहुली करून वाटेवर बसवतो. ससा तिला नमस्कार करतो, ती बोलत नाही. ससा चिडून तिला गुद्दा मारतो, हात चिकटतो. दुसरा हात, पाय, डोकं, सगळंच चिकटतं. आता पंचावुध जातक आठवून पाहा. तक्षशिलेहून पाच शस्त्रांची विद्या शिकून परतणाऱ्या राजपुत्राला जंगलात चिकट केसांचा यक्ष अडवतो. बाण चिकटतात, तलवार चिकटते, भाला आणि गदाही. मग राजपुत्राचे हात, पाय आणि शेवटी डोकंही. तरी तो डरत नाही, आणि यक्ष त्याला सोडून देतो. जोसेफ जेकब्ज या लोककथा-अभ्यासकानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या दोन कथांचं नातं दाखवून मूळ भारतात असल्याचं मांडलं. सर्वांना ते पटलं नाही. अमेरिकेत ही कथा पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या तोंडून पोचली, याबद्दल मात्र फारसं दुमत नाही.

त्या माणसांना ससा जवळचा का वाटला, हे उघड आहे. ससा दुबळा, कोल्हा आणि अस्वल बलदंड. बळ नाही, तर बुद्धीनं सुटायचं. ‘मला काहीही करा, पण त्या काटेरी झुडपात फेकू नका’ अशी विनवणी ससा करतो. कोल्हा त्याला तिथेच फेकतो, आणि काट्यांतच जन्मलेला ससा निसटतो. जोएल चँडलर हॅरिस या गोऱ्या पत्रकारानं मळ्यावर ऐकलेल्या या कथा १८८० मध्ये पुस्तकात आणल्या, पण त्या सांगायला रेमस नावाचा समाधानी नोकर उभा केला. हॅरिस यांच्याच ईटंटन गावी जन्मलेल्या लेखिका ॲलिस वॉकर यांनी पुढे उघड तक्रार केली, की या माणसानं आपल्या वारशातला एक भाग चोरला. डोंगरावरच्या भांडणात एरवी जे बोललं जात नाही, ते वॉकर यांच्या त्या तक्रारीत आहे.

२०२० च्या जूनमध्ये, जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या पोलिसाच्या हातून झालेल्या हत्येनंतर अमेरिका पेटलेली असताना, राइड बदलून तिथे ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ची कथा आणा, अशी मागणी काही चाहत्यांनीच केली. सह्या वीस हजारांच्या पुढे गेल्या. २५ जूनला डिस्नेनं बदल जाहीर केला आणि काम आदल्या वर्षापासूनच चालू असल्याचं सांगितलं. लगेच विरोधी सह्यांची मोहीम उभी राहिली, तीही हजारोंची. तेव्हा ‘चाहते चिडले’ हे अर्धंच वाक्य आहे. चाहते दोन्हीकडे होते. राइडचे जनक बॅक्स्टर स्वतः नव्या कामात सल्लागार म्हणून सामील झाले.

‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ची नायिका टियाना ही डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या. २००९ सालचा तो चित्रपट घडत असतानाही लोकांच्या प्रतिक्रियेनं त्याला वळण दिलं होतं. सुरुवातीला नायिकेचं नाव मॅडी होतं आणि ती गोऱ्यांच्या घरी मोलकरीण होती. टीका झाली आणि टियाना जन्मली, स्वतःचं रेस्टॉरंट काढण्याचं स्वप्न पाहणारी. तिच्यामागे न्यू ऑर्लीन्सच्या लिआ चेज यांची प्रेरणा आहे. वर्णभेदाच्या काळात त्यांच्या ‘डुकी चेज’ या रेस्टॉरंटमध्ये नागरी हक्क चळवळीतले काळे-गोरे कार्यकर्ते एकत्र बसून जेवत आणि पुढचे बेत ठरवत. २०१९ मध्ये त्या गेल्या.

नव्या राइडमध्ये टियाना मार्डी ग्रा सणाची तयारी करते आहे. सगळं जमलंय, फक्त वाजंत्री कमी पडतायत. लुई नावाची ट्रंपेट वाजवणारी मगर सोबतीला घेऊन ती दलदलीच्या जंगलात वादक शोधायला निघते. पाणमांजर, रॅकून, कासव असे प्राणी जंगलातल्याच वस्तूंपासून केलेली वाद्यं वाजवत भेटतात. मामा ओडी ही जादूगार म्हातारी प्रवाशांना बेडकाएवढं लहान करते. मग होडी कोसळते, आणि खाली पार्टी रंगलेली असते. नवं गाणं न्यू ऑर्लीन्सच्या पीजे मॉर्टन यांचं, आणि संगीताला त्याच शहरातल्या टेरेन्स ब्लँचार्ड यांचा हात लागला आहे.

प्रतिक्रिया काय आल्या? यांत्रिक पात्रांबद्दल जवळपास एकमत झालं. टियानाच्या चेहऱ्याची आणि बोटांची हालचाल इतकी सहज आहे, की कडक टीका करणाऱ्यांनीही तिला दाद दिली. चित्रपटातल्या आवाजाच्या धनी ॲनिका नोनी रोझ यांनीच इथेही आवाज दिला आहे. हिरव्या झग्यातल्या चिमुकल्या कृष्णवर्णीय मुली आजीचा हात धरून रांगेत उभ्या राहिल्या. इतकी वर्षं राजकन्येच्या जागी आपल्यासारखी कुणी नाही, हे पाहत वाढलेल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं, यात नवल ते काय! दुसरीकडे सुरुवातीच्या आठवड्यांत राइड वारंवार बंद पडली. ताटकळलेल्या लोकांचा संताप रास्तच होता.

सर्वांत गंभीर तक्रार कथेबद्दल होती, आणि तिच्यात तथ्य आहे. चित्रपटातला खलनायक डॉ. फॅसिलिये राइडमध्ये कुठेच नाही. कुणी अडवत नाही, काही हरवण्याची भीती नाही. जुन्या राइडमध्ये चढावर गिधाडं बसलेली असत आणि पुढच्या संकटाची चाहूल देत. मग कोसळणं म्हणजे सशाला काट्यांत फेकणं, आणि खाली पोचणं म्हणजे त्याची सुटका. भीती आणि युक्ती दोन्ही त्या एका झेपेत होत्या. नव्या राइडमध्ये डोंगर तितकाच उंच आहे, पण कोसळण्याला कथेत कारणच उरलेलं नाही. असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला वर्णद्वेषी ठरवून मोकळं होणं अन्यायाचं आहे. विरोधकांत द्वेषानं बोलणारे होते, हे खरं. पण गोष्ट नीट सांगा, ही मागणी द्वेषाची नाही.

असा विलाप याआधीही झाला आहे. १९९८ मध्ये फ्लोरिडातली ‘मिस्टर टोड्स वाइल्ड राइड’ बंद होणार कळल्यावर चाहते निषेधाचे टी-शर्ट घालून पार्कमध्ये जमले होते. राइड गेलीच. तिच्या जागी आलेल्या विनी द पूच्या राइडमध्ये मात्र एक तसबीर टांगलेली आहे : मिस्टर टोड घुबडाच्या हाती जागेची कागदपत्रं सोपवतो आहे.

‘साँग ऑफ द साउथ’च्या सावलीतून डोंगर बाहेर काढला, हे योग्यच झालं. पण रेमसला नाकारताना ससाही गेला, आणि ससा तर ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचाच होता. टियानाला हा डोंगर मिळाला, याचा आनंद मानावा. तिच्या वाट्याला एखादं खरं संकटही यायला हवं होतं, कारण चित्रपटातली टियाना कष्टानं आणि हिकमतीनंच उभी राहिली आहे. चालू राइडमध्ये बदल करणं डिस्नेला नवं नाही. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’मधला नवऱ्या लिलावात विकण्याचा प्रसंग २०१८ मध्ये काढला गेला आणि त्यातली लाल केसांची तरुणी स्वतःच चाची झाली. तसंच काही इथेही करता येईल, आणि डिस्नेनं ते करावं.

जुना स्प्लॅश माउंटन टोकियो डिस्नेलँडमध्ये मात्र अजून चालू आहे, सशासकट.