मालमोटारीचें चाक, वेग व डिझेलचा खर्च

नाशिककडील द्राक्षें थंड कंटेनरांत भरून ट्रेलरनें न्हावा-शेव्याच्या बंदरास जातात. त्याचें भाडें निर्यातदार आपल्या खिशांतून देत नाहीं. बागेवरचा दर ठरवितांनाच तें वजा धरतो. त्या भाड्याचा मोठा वांटा डिझेल खातें. यास्तव गाडी ठरवितांना, किंवा चार-पांच जणांनीं मिळून ती विकत घेतांना, चाक व वेग या दोन बाबी बागाइतदार बंधूंनीं स्वतः समजून घ्याव्या.

इंजिनास मुख्यतः दोन विरोध मोडावे लागतात. ओझ्याखालीं टायर दबत-उलगडत जातो, हा पहिला. तो वजनावर अवलंबून असून वेगानें फारसा बदलत नाहीं. दुसरा वाऱ्याचा, व तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं 60 किलोमीटरऐवजीं 80 नें हांकल्यास वेग एकतृतीयांशानेंच वाढतो, परंतु वाऱ्याचा रेटा पावणेदोनपटींहून अधिक होतो. 200 किलोमीटरच्या वाटेस यांत वांचतात पन्नास मिनिटें. पुढें बंदराच्या दाराशीं रांगेंतच उभें राहावयाचें असेल, तर तीं पन्नास मिनिटें कोणाच्या खातीं जमा झालीं, हें पाहावें! तथापि कंटेनर थंड ठेवणारें यंत्र तासांच्या हिशेबानें तेल खातें; म्हणून अगदींच रेंगाळणेंही परवडत नाहीं.

आतां चाक. टायरवरील 295/80 आर 22.5 ही नोंद सात-बाराच्या उताऱ्याप्रमाणें वाचावी: रुंदी 295 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या शेंकडा 80, आर म्हणजे रेडियल, व रिम 22.5 इंचांची. याचा व्यास सुमारें 1044 मिलिमीटर भरतो. 315/80 बसविल्यास तो सुमारें 1075 होतो, म्हणजे शेंकडा तीन अधिक. त्याच वेगास इंजिन तितकें सावकाश फिरतें. येथवर लाभ दिसतो. परंतु चाकाशीं ओढही तितकीच घटते. सपाटीवर हें खपतें. परतीस कसारा घाट चढतांना गिअर लवकर उतरवावा लागतो. मागील जोडचाकांत रुंद टायर एकमेकांस घासण्याचाही संभव असतो.

आणखी एक गोम आहे. मीटर जुन्या चाकावर बेतलेला असल्यानें तो 60 दाखवी तेव्हां गाडी 62 च्या जवळ धांवते, आणि किलोमीटर मात्र कमी नोंदले जातात. मग लिटरमागील सरासरी कागदावर विनाकारण घटलेली दिसते. म्हणून चाक बदलल्यावर अंतर रस्त्याच्या दगडांवरून मोजावें.

माझ्या मतें कारखान्यानें ठरविलेलें माप बदलूं नये. त्याच मापाचा चांगला रेडियल टायर घ्यावा. हवा कमी असल्यास टायर अधिक दबतो, तापतो व तेल खातो. ती पहाटे, टायर थंड असतांना तपासावी.